तेवीस नंबरचं घर

आवाजाचं काम करणाऱ्याला सिनेमाची गोष्ट सगळ्यात शेवटी कळते, असं ती गमतीने म्हणायची. तिच्याकडे चित्रं यायची ती तुकड्या-तुकड्यांनी. कोणी दार उघडतंय, कोणी जिन्यावरून पळतंय, कोणी कप खाली ठेवतंय. त्या दाराला, जिन्याला, कपाला आवाज द्यायचा. तीस वर्षं ती हेच करत आली होती. पन्नाशी गाठली, केस पांढरे होऊ दिले, पण कान अजून असे की शेजारच्या खोलीत कोणी कुठल्या पायातली चप्पल आधी काढली तेही सांगेल. स्टुडिओत सगळे तिला ताई म्हणत. घरी मात्र ती अजून खारूच होती. लहानपणी सारखं काहीतरी कुरतडत बसायची म्हणून वडिलांनी हे नाव ठेवलं, ते ठेवलंच.

या वेळचा सिनेमा थरारपट होता. सरकारचं एक खातं लोकांच्या घरांना चोरून कान लावून बसलेलं, त्यातल्या एका कर्मचाऱ्याला नको ते ऐकू येतं आणि मग सगळे हात धुऊन त्याच्या मागे लागतात, अशी काहीतरी गोष्ट. दिग्दर्शक तिशीतला, हातवारे करत बोलणारा, मनाने चांगला मुलगा. त्याला सगळं खरं हवं होतं.

"ताई, एक मोठी खोली आहे. चाळीस टेबलं, चाळीस माणसं हेडफोन लावून बसलेली. कॅमेरा मधून सरकतो आणि प्रत्येक टेबलावरून एकेका घराचा आवाज येतो. पण आपण बनवलेला नको. मी खऱ्या टेपा आणल्यात."

चाळीस वर्षांपूर्वीची दप्तरं सरकारने नुकतीच खुली केली होती. नावं खोडून, नुसते नंबर ठेवून, बारा टेपा सिनेमासाठी मिळाल्या होत्या. निवडल्या होत्या सिनेमाच्या सल्लागाराने. हा सल्लागार म्हणजे त्याच खात्यात उभी हयात काढलेला, पंचाहत्तरी ओलांडलेला, इस्त्रीच्या शर्टातला एक गृहस्थ. रोज चारच्या सुमाराला थर्मास घेऊन यायचा, मागच्या खुर्चीवर बसायचा आणि विचारलं तरच बोलायचा.

टेपा जुन्या झाल्या होत्या. खरखर काढून त्या स्वच्छ करायच्या होत्या. पहिल्या तीन तिने सोमवारी उरकल्या. कुठे भांडण, कुठे रेडिओ, कुठे नुसता घोरण्याचा आवाज. मंगळवारी सकाळी चौथी लावली. डब्यावर शाईने लिहिलं होतं, तेवीस.

सुरुवातीला शिलाईचं पायमशीन चालू होतं. दोन टाके जाऊन तिसऱ्याला जरा अडखळत होतं, जसं एखादं माणूस लंगडत चालावं तसं. ताईचा हात बटणावर होता, तो तिथेच राहिला. मशीन चालवता चालवता एक बाई गुणगुणत होती. चाल धड नव्हती, शब्द तर नव्हतेच, पण दर ओळीच्या शेवटी सूर खाली घसरायचा आणि बाई स्वतःशीच "छे!" म्हणायची. मग एका लहान मुलीचा आवाज आला. सतराचा पाढा. सतरा सातेपाशी मुलगी थांबली. मशीनही थांबलं.

"पुढे?" बाई म्हणाली.

"पुढे येत नाही."

"येत नाही कसं? कालपर्यंत येत होतं. खारू, खिडकीबाहेर बघू नकोस, पाढा बाहेर नाहीये."

ताईने टेप बंद केली. बाहेर गेली, नळ सोडला, तोंडावर पाणी मारलं आणि परत येऊन ती टेप पहिल्यापासून लावली. आई जाऊन बारा वर्षं झाली होती. जगभरचे आवाज तिने गोळा करून कपाटांत भरले होते. दारं, कड्या, पाखरं, कारखाने. आईचा आवाज मात्र तिच्याकडे एकही नव्हता. आई कायम तिथेच असणार, तिचा आवाज काय जपून ठेवायचा, असं तेव्हा वाटलं होतं. आणि आता तो इथे होता, हातभर अंतरावर, तरुण, तिच्या आजच्या वयाहून कितीतरी लहान असलेल्या आईचा.

तेव्हा तिला राग आलाच नाही, हे तिने नंतर स्वतःशी कबूल केलं. नुसता आनंद झाला. आंधळ्यासारखी ती त्या घरात चाचपडत फिरली.

दोन खोल्यांचं घर होतं ते, तिसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत खिडकीशी आईचं मशीन. आई लोकांचे कपडे शिवायची. खोलीभर चिंध्या, खडू, अर्धवट बाह्या, आणि दुपारी खिडकीतून येणारं ऊन त्या चिंध्यांवर पडलं की खोलीला रोज वेगळा रंग यायचा. वडील एका छापखान्यात जुळारी होते. अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक करून जुळवायचे, त्यांच्या ओळी करायच्या, ओळींची पानं. त्यांच्या बोटांची टोकं कायम काळी असत आणि कितीही साबण लावला तरी अंगाला शाईचा वास यायचा. खारूला तो वास इतका आवडायचा की वडील आले की आधी ती त्यांचा हात हुंगायची.

आणि संध्याकाळी यायचे प्रूफकाका. ते त्याच छापखान्यात प्रुफं तपासत. वडिलांचे जिवलग मित्र. उंच, हडकुळे, बाहीला पेन्सिलीचे डाग. दुनियेतल्या प्रत्येक वाक्यात त्यांना चूक सापडायची. खारू म्हणायची, "काका, मी आज शाळेत पडली." ते म्हणायचे, "पडलीस ते वाईट झालं, पण 'पडले' म्हण, म्हणजे कमी लागेल." बाद झालेल्या प्रुफांचे कागद ते तिच्यासाठी आणायचे. एका बाजूला मंत्र्यांची भाषणं, दुसरी बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर तिने किती हत्ती काढले त्याला गणती नाही.

त्या घरात सतत आवाज असायचा. तिची लहानपणाची आठवण म्हणजे तो आवाजच. वडील घरी आले की आई हटकून मशीन सुरू करायची. काका आले की रेडिओ मोठा. दोघे स्वयंपाकघरात बोलायला गेले की आई नळ सोडून भांडी घासायला घ्यायची, तीही आदळआपट करत. मैत्रिणींची घरं किती शांत, आपलं घर कसं भरलेलं, असं खारूला वाटायचं. मोठेपणी कोणी विचारलं, की तुम्ही या कामात कशा आलात, तर ती सांगायची, माझं घरच गाण्याच्या कारखान्यासारखं होतं. लोक हसायचे.

टेपेवर आईने मुलीला खाली खेळायला पिटाळलं. दार लागलं. थोड्या वेळाने दार पुन्हा वाजलं, कोणी आत आलं. मग मशीन पुन्हा सुरू झालं, पण आता न थांबता, एकसारखं. त्याखाली कोणीतरी हलक्या आवाजात बोलत होतं. पुरुष. शब्द लागत नव्हते.

ताईने आपली अवजारं काढली. मशिनाचा आवाज मोजला, त्याचा साचा केला, तो वजा केला. पुन्हा मोजला, पुन्हा वजा केला. तासाभराने खालचा माणूस वर आला. तिचे वडील. चाळिशीही न गाठलेले.

"लाकडाच्या बंद वखारीत ठेवलंय सगळं. मागच्या फळ्यांखाली. आम्हा दोघांना ठाऊक आहे आणि आता तुला. मला काही झालं तर त्याला सांगून हलव."

"त्याला कोणाला?"

"तुला माहीत आहे. नाव नको."

ताईने हेडफोन काढले. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की गेला तासभर ती काय करत होती. चाळीस वर्षांपूर्वी कोणीतरी जे केलं होतं, तेच. फक्त तिची अवजारं चांगली होती.

पुढचं तिला ठाऊक होतं. ती आठ वर्षांची होती. एका मंगळवारी पोलीस थेट त्या वखारीत गेले, इकडे तिकडे न शोधता मागच्या फळ्या उचकटल्या आणि बंदी आलेल्या साप्ताहिकाचे गठ्ठे बाहेर काढले. त्याच दिवशी वडिलांना छापखान्यातून नेलं. सात महिने ते आत होते. प्रूफकाकांना दोन दिवस बसवून ठेवलं, चार प्रश्न विचारले आणि सोडून दिलं. त्यांची नोकरीही राहिली.

जागा ठाऊक असणारी माणसं तीन. एक तुरुंगात गेलं, एक घरात रडत होतं, एक सुटलं. वडिलांनी हिशेब मांडला आणि तो आयुष्यभर खोडला नाही. सुटून आले त्या संध्याकाळी प्रूफकाका दाराशी आले होते, हातात खारूसाठी कागदांचं भेंडोळं. वडिलांनी दार उघडलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि लावून घेतलं. भेंडोळं दोन दिवस पायरीवर पडून होतं. मग ते घर सुटलं, ते शहरही सुटलं.

चार वाजता सल्लागार आला. थर्मास ठेवला, खुर्चीत बसला. ताईने मशिनाचा तेवढाच तुकडा लावला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "ही टेप कोणाची, आठवतं का?"

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "तेवीस ना? न आठवायला काय झालं! नावं आम्हाला कळत नसत. वरती ठाऊक असत, आम्हाला नुसते नंबर. पण आम्ही त्याला शिंपिणीचं घर म्हणायचो. विजेचं मीटर बघायला म्हणून आमचा माणूस गेला होता, त्याने दिव्याच्या बटणांच्या पाटीमागे यंत्र बसवलं. चांगलं बसलं होतं, पण बाई हुशार. नवरा बोलायला लागला की मशीन सुरू. आठ महिने आमच्या हाती काही लागलं नाही. सगळे कंटाळले. माझा साहेब म्हणाला, बंद करा तेवीस."

"मग?"

"मग माझ्या लक्षात आलं." तो पुढे सरकला. आपल्या कामावर जीव असलेला माणूस बोलतो तसा बोलत होता. "ऐका तुम्ही, तुम्हाला कळेल. इथे बाई खरंच शिवतेय. मशीन जड आहे. आणि आता, हे. हलकं झालं बघा. रिकामं चाललंय. दोरा काढलाय, खाली कापड नाही. उगाच कशाला कापडावर टाके मारत बसायचं, असं वाटलं असणार बिचारीला. पण कापड असतं तर आवाज असा दबून गेला असता की देवालाही काही ऐकू आलं नसतं. रिकामं मशीन एका सुरात चालतं. त्याच्या खालून माणूस उचलता येतो. मला तीन दिवस लागले. माझ्या नोकरीतलं सगळ्यात चांगलं काम ते. म्हणून तर ही टेप दिली सिनेमाला."

"त्यात दुसरा एक माणूस होता ना? त्याचं काय झालं?"

"त्याचं नावच आलं नाही कधी. नवरा सावध होता. घरात बायकोशी बोलतानासुद्धा 'तो' म्हणायचा. संशयावरून एकाला आणलं होतं, पण कागदावर काही नव्हतं. सोडावं लागलं."

ताईने टेप थांबवली. "ती माझी आई," ती म्हणाली.

 म्हाताऱ्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाला, "म्हणजे सतराचा पाढा..."

तिने खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"तुमचा सातावर अडायचा. आम्ही तिघं-चौघं एकाच वेळी हेडफोन लावायचो, आज तरी म्हणेल म्हणून. ज्या दिवशी तुम्ही शेवटपर्यंत म्हटला, त्या दिवशी आमच्या एका पोराने टाळी वाजवली. साहेबाचा ओरडा खाल्ला."

तोपर्यंत न आलेला राग तेव्हा आला. वडिलांना नेलं, घर मोडलं, हे मोठं होतं, पण ते ती चाळीस वर्षं अंगाखांद्यावर वागवत आली होती. हा पाढा मात्र तिचा आणि आईचा होता. त्या दुपारी खोलीत दोघीच होत्या. आणि आता कळत होतं की त्या कधी दोघी नव्हत्याच.

"तो तुमच्यासाठी नव्हता," ती म्हणाली.

"नाही," म्हातारा म्हणाला. "नव्हता." मग थर्मास उचलून म्हणाला, "मी माझं काम केलं. माफी मागितली तर खोटं होईल. पण हे असं कोणी समोर बसेल, असं कधी वाटलं नव्हतं." थर्मास न उघडताच तो उठून गेला.

घरी वडील गॅलरीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. ऐंशी वर्षांचे, कानात यंत्र, पत्नीच्या माघारी लेकीकडे राहायला आलेले. ताईने चार दिवस काही सांगितलं नाही. सांगावं तर प्रूफकाका मोकळे होत होते आणि सगळं येऊन आईच्या डोक्यावर बसत होतं. आईने कापड वाचवलं आणि नवरा तुरुंगात गेला. बारा वर्षं झाली बाईला जाऊन, आता कशाला? पण एक माणूस चाळीस वर्षं न केलेल्या गुन्ह्याचा धनी होऊन बसला होता, तेही खरं. शेवटी तिने मधला मार्ग काढला. यंत्र भिंतीत होतं, टेपेवर सगळं आलं, एवढंच सांगायचं. मशिनाचं नाव काढायचं नाही.

रविवारी सकाळी, चहा झाल्यावर, तिने ते सांगितलं. वडिलांनी वर्तमानपत्राची घडी केली, परत उलगडली, परत केली.

"तिचा आवाज आहे?"

"आहे, बाबा."

"लाव."

तिने त्यांच्या कानातलं यंत्र काढलं, मोठे हेडफोन चढवले. सुरुवातीचं गुणगुणणं आलं तेव्हा वडील हसले. "छे!" आईच्या बरोबरीने तेही म्हणाले. पाढ्याला त्यांनी बोटाने ताल धरला. मग दार लागलं, मशीन सुरू झालं. वडिलांचं बोट थांबलं. ताई हात पुढे करून टेप बंद करणार, तोच त्यांनी तिचं मनगट धरलं. पूर्ण संपेपर्यंत धरूनच ठेवलं.

हेडफोन काढून ते म्हणाले, "रिकामं चालवत होती."

 पंधरा वर्षं ते मशीन उशाशी ऐकलेल्या माणसापासून ताई काय लपवणार होती!

"कापड गिऱ्हाइकाचं होतं," वडील म्हणाले. "लोकांच्या कापडावर उगाच टाके घालणारी नव्हती ती. मीच सांगायला हवं होतं, चिंधी घाल खाली. माझ्याही डोक्यात आलं नाही. खिळे जुळवणारा माणूस मी, मला काय कळतंय मशिनातलं."

"बाबा, आईचा दोष नाही."

"मी कुठे म्हणतोय?" ते एकदम ओरडले. मग आवाज खाली आला. "म्हटलं होतं एकदा. तू झोपली होतीस. ती म्हणाली, भाऊजींनी नसेल हो केलं, त्यांचा तो स्वभाव नाही. मी म्हटलं, मग कोणी केलं? तू? त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. मरेपर्यंत नाही. मला वाटायचं, तिला पटलं."

त्यांनी हेडफोन तिच्या हातात परत दिले. आणि मग, दाढी करायची का नाही हे विचारावं इतक्या साधेपणाने म्हणाले, "तो आहे का गं अजून?"

होते. शोधायला ताईला दोन दिवसही लागले नाहीत. छापखान्याच्या जुन्या कामगारांपैकी एकाच्या मुलीकडून पत्ता मिळाला. बसने तीन तासांवर, भाच्याच्या घरी. फोन करायला वडील तयार नव्हते. "फोनवर हे बोलायचं नसतं," ते म्हणाले. त्यात काही विनोद आहे हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

दरम्यान तिने दिग्दर्शकाला सांगितलं, की तेवीस नंबर सिनेमात जाणार नाही. तो बिचारा हादरला. "ताई, अख्ख्या सिनेमात तेवढीच एक खरी गोष्ट आहे!"

"म्हणूनच."

"परवानगी आहे आपल्याकडे. लेखी."

"आहे ना. माझ्या आईची आहे का, बघ."

 संध्याकाळी त्याने स्वतः येऊन ती टेप तिच्या टेबलावर ठेवली आणि उरलेल्या अकराही. म्हणाला, त्यांच्या आयांनाही मी विचारलेलं नाही. त्या चाळीस टेबलांचे आवाज मग ताईने बनवले. तीन आठवडे लागले. निर्मात्याने बराच आरडाओरडा केला, पण दिग्दर्शक मागे हटला नाही. सल्लागार पुढेही येत राहिला. दोघं मान हलवून एकमेकांची दखल घेत. त्यापलीकडे काय करावं हे तिलाही ठरवता आलं नाही आणि त्यालाही.

भाच्याचं घर तळमजल्यावर होतं. दार प्रूफकाकांनीच उघडलं. उंची पाठीतून वाकून गेली होती, पण हडकुळे तसेच. त्यांनी वडिलांकडे पाहिलं, मग ताईकडे, मग पुन्हा वडिलांकडे.

"दार लावू का?" ते म्हणाले. "माझी पाळी आहे."

"लाव," वडील म्हणाले. "पण आधी ऐकून घे."

"मोठ्याने बोल, ऐकू येत नाही."

"मलाही येत नाही!"

मग उंबरठ्यावर उभे राहूनच वडिलांनी सगळं सांगितलं, इतक्या मोठ्याने की समोरच्या घरातली बाई खिडकीत आली. यंत्र, टेप, वखार, नाव न घेणं. मशिनाचंही सांगितलं. तिथे आवाज जरा फुटला. प्रूफकाका चौकटीला हात लावून ऐकत होते.

"म्हणजे तू माझं नाव घेतलं नाहीस म्हणून मी सुटलो," ते शेवटी म्हणाले. "आणि सुटलो म्हणून तू मला टाकलंस."

"हो."

"मोठाच शहाणा आहेस."

"तू एकदा सांगायला हवं होतंस, की मी नाही म्हणून."

"तू दार उघडं ठेवलं असतंस तर सांगितलं असतं. आणि तुला पटलं असतं?"

वडिलांनी विचार केला. खोटं बोलणं त्यांना जमत नसे. "नसतं पटलं," ते म्हणाले.

"मग मी एक फेरी वाचवली," प्रूफकाका म्हणाले आणि हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांतून पाणी. वडिलांनी त्यांच्या पाठीवर थोपटलं, ते थोपटतच राहिले. वहिनी गेल्याचं कळलं होतं, काका म्हणाले. त्या दिवशी घरून निघून बसच्या थांब्यापर्यंत आलो होतो. तिथूनच परत गेलो.

सगळं काही भरून निघालं असं झालं नाही. जेवताना मधेच प्रूफकाका गप्प व्हायचे. एकदा म्हणाले, "छापखान्यात नंतर कोणी माझ्याशी बोलत नसे, माहीत आहे तुला? तू काही बोलला नसशील. पण तू मला टाकलंस, हे लोकांनी पाहिलं." वडिलांनी मान खाली घातली.  चाळीस वर्षांत काकांनी लग्न केलं नाही की ते जमूच शकलं नाही, हे कोणी विचारलं नाही.

सिनेमा लागला तेव्हा ताईने दोघांना नेलं. दुपारचा खेळ, निम्म्या खुर्च्या रिकाम्या. दोघं मधल्या रांगेत बसून इतक्या मोठ्याने बोलत होते की पुढच्या माणसाने तीनदा वळून पाहिलं.

"हे असं बंदुका घेऊन कोणी आलं होतं का रे?"

"कुठल्या बंदुका! दोघं आले होते. एकाच्या चपलेचा अंगठा तुटलेला होता."

"गाड्या बघ केवढ्या."

"मला तर पायी नेलं. रस्त्यात तो एक म्हणाला, जरा थांबा, पाणी पितो."

चाळीस टेबलांची खोली आली तेव्हा मात्र दोघं गप्प झाले. कॅमेरा टेबलांमधून सरकत गेला. कुठे पाऊल, कुठे पाळणा, कुठे कोणी कोणाला हाक मारतंय. एकही आवाज खऱ्या घराचा नव्हता, सगळे ताईने तीन आठवडे बसून केलेले. दोघा म्हाताऱ्यांच्या कानांपर्यंत त्यातलं किती पोचलं कोण जाणे. ते नुसते त्या हेडफोन लावलेल्या माणसांचे चेहरे बघत होते. पडद्यावरची ती पोरं तरुण होती. एक जांभई देत होता, एक पेन्सिलीला टोक काढत होता.

"पोरंच होती की रे," प्रूफकाका म्हणाले.

"हो ना," वडील म्हणाले. "टेप ऐकल्यापासून मी दात-ओठ खाऊन ज्याचा राग राग केला, तो मला निदान साठीचा वाटायचा."

बाहेर आल्यावर उन्हाने दोघांचे डोळे दिपले. दिग्दर्शक दाराशी उभा होता, कसा वाटला म्हणून विचारायला. वडील म्हणाले, छान आहे, धावपळ जरा जास्त आहे. प्रूफकाकांनी पडद्यावरच्या पाट्यांमधल्या दोन शुद्धलेखनाच्या चुका सांगितल्या. मग दोघं फुटपाथच्या कडेने चालू लागले, एकमेकांच्या कोपराला धरून. काकांची बस साडेपाचला होती. वडील त्यांना सांगत होते की उद्याही बस असते, परवाही असते. काका म्हणत होते, की कपडे आणले नाहीत. वडील म्हणत होते, माझे होतील.

"तुझे मला आखूड होतील."

"मग खारू बाह्या उसवून वाढवून देईल."

"मला शिवणकाम येत नाही, बाबा," मागून चालणारी ताई म्हणाली. पण त्या दोघांपैकी कोणालाही ते ऐकू गेलं नाही.